सोळा तारखेची टेकडी

गाडी पुरती थांबायच्या आतच अप्पा दाराशी जाऊन उभे राहिले. लेकीने मागून त्यांच्या कोटाची कड मुठीत धरली.

"अप्पा, थांबू द्या की गाडी. टेकडी काही पळून जात नाही."

अप्पांनी दाराचा दांडा सोडला नाही. तीन तासांच्या प्रवासात ते जेमतेम दोन वाक्यं बोलले होते, आणि तिच्याही अंगात बोलायचं त्राण नव्हतं. इस्पितळाच्या धुलाईघरात आठवडाभर ओल्या चादरी उपसून तिचे खांदे भरून आले होते. आजच्या रजेसाठी मुकादमाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागल्या, त्या वेगळ्याच. परवा, चौदा तारखेला, लढाईचा स्मरणदिन झाला. जुन्या सैनिकांसाठी फुकट बस होती, मांडव होता, बसायला खुर्च्या होत्या. पण अप्पांचा एकच हेका: जायचं तर सोळालाच. ज्या लढाईबद्दल त्यांनी जन्मात अवाक्षर काढलं नव्हतं, तिच्यासाठी ते असे अडून बसले, तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि तिकिटं काढली.

चढ छातीवर येणारा होता. पन्नास पावलं चालायचं, थांबायचं, असं करत ती दोघं वर पोचली तेव्हा ऊन कलू लागलं होतं. मांडवाच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. काळ्या दगडाच्या लांब भिंतीवर नावं होती, नावांपुढे तारखा. राखणदार नळीने फरशी धूत होता.

अप्पा एका नावापाशी थांबले. बोट नावावरून फिरलं, तारखेवर अडलं.

"हा माझा जोडीदार. चौदाला नाही गेला हा. सोळाला गेला. दुपारी."

राखणदाराने पाणी बंद केलं. "आजोबा, तारीख चुकली असेल तर अर्ज द्या. मागे दोघांच्या दुरुस्त केल्या. दगडच बदलतात."

"नको, नको." अप्पा घाईने म्हणाले. "चौदाच असू दे. ती मीच सांगितली होती."

मग ते कठड्यावर बसले. लेक शेजारी टेकली. खाली गवताचा उतार होता. अप्पांनी काठीने मधली एक जागा दाखवली.

"तिथे पडला होता. पोटात लागलेली. आम्ही इकडे, ते पलीकडे. मान वर काढली की गोळी यायची."

"दोन दिवस?"

"दोन दिवस. साहेबांना मी मागाहून सांगितलं, पहिल्याच दिवशी गेला. कागदावर तसंच चढलं. त्याच्या घरी निरोप न्यायलाही मलाच पाठवलं. आईने हात धरून विचारलं, त्रास नाही ना झाला त्याला? म्हटलं, कळलंसुद्धा नाही." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "जिवंत होती तोवर दर चौदाला मला पत्र टाकायची."

लढाईच होती ती, तुम्ही तरी काय करणार, हे शब्द लेकीच्या ओठांवर आले. तिने ते गिळले. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"काय म्हणत होता तो?"

"पहिल्या दिवशी सगळ्यांना हाका मारत होता. एकेकाचं नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी फक्त मला." अप्पा काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. "त्याला 'र' म्हणता यायचा नाही. माझ्या नावाचा कायम चुराडा करायचा. त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोलावतोय, असं समजायचीसुद्धा सोय नव्हती."

राखणदार नळी गुंडाळत जवळ आला. "साडेतीनची गाडी गाठायची तर आता निघा, ताई. त्यानंतर एकदम सातला आहे."

उद्या सकाळी सहाला तिची पाळी होती. तिने उताराकडे पाहिलं.

"सातच्या गाडीने जाऊ," ती म्हणाली, आणि उठून अप्पांपुढे हात धरला. "चला. तिथपर्यंत उतरू."

"लांब आहे गं."

"लांब नाही, अप्पा."

अप्पांनी उकरलेली माती पायाने सारखी केली. मग त्यांनी काठी तिच्या हातात दिली, आणि दोन्ही हात कठड्यावर रेटून उभे राहिले.