तीन मिनिटांचा पाट

मित्रांनो, फणसाच्या लाकडाचा, दोन बोटे जाडीचा, खाली दोन आडव्या पट्ट्या मारलेला बसायचा पाट म्हणजे मी. उचगावातल्या एका घरात माझी एक्केचाळीस वर्षे गेली. आता पाटावर बसणारे थोडेच राहिले, म्हणून तुमच्यापैकी काहींनी मला फक्त लग्नाच्या फोटोत पाहिले असेल. माझी गोष्ट फार मोठी नाही. ती मी सावकाश सांगतो.

मला आकाराम सुताराने घडवले. भुसार मालाचे दुकान चालवणारे अण्णाप्पा त्याच्याकडे आले, तेव्हा मी आजऱ्याहून आलेली एक फळी होतो आणि पडवीत भिंतीला टेकून उभा होतो.

"जाड ठेव," अण्णाप्पा म्हणाले. "माझं पोरगं बसणार हाय ह्याच्यावर."

"पोरगं कुठाय?"

"येतंय की. दिवाळीपातूर येईल."

"मग आधी पाळणा करायचा सोडून पाट?"

"पाळणा सासऱ्यानं द्यायचा असतोय. तू तुझं काम कर की."

आकारामने माझे चारही कोपरे घासून गोल केले आणि प्रत्येक कोपऱ्यात पितळेचे एक फूल ठोकले. दिवाळीच्या आधी दोन दिवस अण्णाप्पांच्या बायकोला, गंगव्वाला, मुलगा झाला. त्याचे नाव मल्लिकार्जुन, घरात मल्लू. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला गंगव्वाने मला धुऊन पुसून मांडले, भोवती रांगोळी काढली, मल्लूला माझ्यावर बसवले आणि ओवाळले. त्यानंतर दर वर्षी तसेच झाले. भाऊबीजेला गंगव्वाचे भाऊ माझ्यावर बसले. शेजारच्या धोंडुबाईने आपल्या दोन्ही मुलींच्या हळदीला मलाच मागून नेले. "आमचा डुगडुगतोय गं, तुझा दे," असे ती म्हणायची, आणि परत आणताना माझ्यावर पाच सुपाऱ्या ठेवून आणायची. ज्याला मान द्यायचा त्याला माझ्यावर बसवायचे, एवढे एकच काम मला माहीत होते.

पाटाला सगळ्यात आधी वजन कळते. जेवणारा माणूस मधूनच मांडी बदलतो. लहान मूल तर एका जागी नसतेच. ते सरकते, टाचा आपटते, मागे वळून बघते. माझ्या डाव्या पट्टीचा एक खिळा मल्लूनेच असा ढिला केला.

एक गोष्ट मी लपवणार नाही. गंगव्वा मारायची. मल्लूने हरभऱ्याच्या पोत्यात रॉकेल ओतले त्या दिवशी तिने त्याला लाटण्याने मारले. संध्याकाळपर्यंत पाठीवर वळ होते. नंतर तिनेच त्याला माझ्यावर बसवून दूधभात भरवला. त्याला हुंदके येत होते आणि प्रत्येक हुंदक्याला त्याचे वजन माझ्यावर हलत होते. ते चांगले होते असे मी म्हणत नाही. जे झाले ते सांगतो.

मल्लू मोठा झाला. एमआयडीसीत लागला. त्याच्या लग्नानंतर घरात जेवणाचे टेबल आले आणि मला फ्रीजच्या मागे उभे करण्यात आले. मी तिथे आठ वर्षे होतो. मध्ये अण्णाप्पा गेले. पाहुण्यांसाठी शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या होत्या, एवढे मला ऐकू आले. मला वाईट वाटले का, हे आता आठवत नाही.

मल्लूच्या बायकोचे नाव शांभवी. ती पतसंस्थेत नोकरी करते. त्यांचा मुलगा शिवांश. तो तीन वर्षांचा झाला तेव्हा चावायला लागला. रागावला की हातात असेल ते फेकायचा. बालवाडीतल्या अवनी नावाच्या मुलीच्या दंडाला त्याने चावा घेतला, तेव्हा बाईंनी शांभवीला बोलावून घेतले. घरी येऊन ती टेबलापाशी बसली.

"अव्वा, माझे वडील पट्ट्यानं मारायचे," ती गंगव्वाला म्हणाली. "मी ह्याच्यावर हात उगारणार नाही."

"मग करणार काय?"

"एका जागी बसवायचं म्हणे. जेवढं वय तेवढी मिनिटं. तीन वर्षं, तीन मिनिटं. पण खुर्चीवरनं तो उतरून पळतोय."

गंगव्वा उठली. "थांब. माझ्याजवळ हाय एक. मारण्यापरास हे बरंच की."

तिने स्वतः फ्रीजमागे हात घालून मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि वॉशिंग मशीनशेजारच्या कोपऱ्यात, भिंतीपाशी ठेवले. इतक्या वर्षांनी कोणी हात लावला म्हणून मलाही बरे वाटले.

पहिल्यांदा शिवांश माझ्यावर बसला तेव्हा त्याचे तोंड भिंतीकडे होते. तो रडला, त्याने लाथा मारल्या. शांभवीने मोबाईलवर तीन मिनिटांचा गजर लावून ठेवला होता. तो वाजल्याबरोबर ती आली, खाली बसली, चावल्यावर अवनीला कसे दुखले असेल ते तिने सांगितले आणि त्याला कुशीत घेतले. पंधरा दिवस ती प्रत्येक वेळी आली. शिवांशने चावणे सोडले. त्या पंधरा दिवसांबद्दल मला काही म्हणायचे नाही.

त्यानंतर घरातल्या सगळ्यांनाच मी सोयीचा झालो. शिवांशने रिमोटला हात लावला म्हणून मल्लूने त्याला बसवले आणि स्वतः फोनवर बोलायला गच्चीवर गेला. त्याने भाजी थुंकली म्हणून गंगव्वाने बसवले. येता-जाता धोंडुबाई चेष्टेने म्हणायची, "काय रं, बसवू का पाटावर?" मोबाईल लावायचे राहून जाऊ लागले. कधी पाच मिनिटे, कधी पंधरा. कधी कोणी कुशीत घ्यायला यायचे, कधी कोणी लांबूनच आवाज द्यायचे, कधी तोच आपणहून उठून जायचा आणि पुन्हा बसवला जायचा.

एका रविवारी शांभवीने त्याला बसवले, तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला. फोन संपला तसा कुकर झाला, पाहुणे आले, चहा झाला. चाळीस मिनिटे गेली. शिवांशने माझ्यावर लघवी केली. ती लाकडात मुरली, कारण माझ्यावरचे पॉलिश कधीच उडाले होते.

"सांगायचं नाही होय रे?" शांभवीने विचारले.

"तिथं बोलायचं नसतं," तो म्हणाला.

तिने त्याला धुतले, मला धुतले आणि उन्हात टेकवून ठेवले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कोपऱ्यात होतो.

पुढे पुढे त्याला बसवावे लागत नसे. हातून पाणी सांडले की तो स्वतःच येऊन बसायचा. हात गुडघ्यांवर, तोंड भिंतीकडे. आलेगेले कौतुक करायचे. "किती शहाणं पोर हाय. आमचं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं." गंगव्वा ऐकून सुखावायची. पण मित्रांनो, मला वजन कळते. ते चौदा किलोचे वजन एका जागी असायचे. सरकायचे नाही, टाचा आपटायचे नाही. कोणी पिठाचा डबा आणून ठेवावा तसे ते असायचे. तो आता रडतही नव्हता. मीही काही वाटून घेणे सोडले होते.

मग त्याचा चौथा वाढदिवस आला.

सकाळीच गंगव्वाने मला शिकेकाई लावून घासले. पितळी फुले चिंचेने चकचकीत केली. बाहेरच्या खोलीत मला मांडले आणि माझ्याभोवती ठिपक्यांची रांगोळी काढली. गुडघे दुखत असूनही ती तासभर वाकून होती. तिने ताम्हनात निरांजन, विभूती, कुंकू, अक्षता, सुपारी आणि अण्णाप्पांची अंगठी ठेवली. संध्याकाळी खोली भरली. बालवाडीतली मुले आली, त्यांत अवनीही होती.

"चल माझ्या राजा," गंगव्वा म्हणाली. "पाटावर बस."

शिवांश नवा सदरा घालून दारात उभा होता. त्याने आजीकडे पाहिले, मग आईकडे.

"मी काय केलं?" त्याने विचारले.

"काही नाही रे, वाढदिवस ना तुझा? बस लवकर, निरांजन विझेल," मल्लू म्हणाला.

तो आला. रांगोळी तुडवत आला. माझ्यावर बसला आणि सगळ्यांकडे पाठ करून त्याने भिंतीकडे तोंड केले. हात गुडघ्यांवर ठेवले.

लोक हसले. "अगं बया, फिरून बसला की," धोंडुबाई म्हणाली. "पावण्यांस्नी लाजतंय."

"शिवांश, इकडं तोंड कर बाळा," शांभवी म्हणाली.

तो हलला नाही. भिंतीकडे बघतच त्याने विचारले, "माझं झालं का? मोबाईल वाजलाच नाही अजून."

हसणे थांबले. अवनीच्या आईने अवनीचा हात धरला. गंगव्वाने ताम्हन टेबलावर ठेवले. मग ती भिंतीला हात लावत खाली बसली, माझ्याशेजारी, तिचेही तोंड भिंतीकडे.

"झालं बघ तुझं," ती म्हणाली. "कवाच झालंय. आमीच सांगाय इसरलो."

तो उठला आणि आत गेला. त्या दिवशी ओवाळणे झाले नाही. केक कापला, मुलांनी खाल्ला, माणसे गेली. नंतर दोघीजणी पुसलेल्या रांगोळीपाशी बसून होत्या.

"मी मारलं नाही हो अव्वा. एकदासुद्धा नाही."

"न्हाई मारलंस. मी मारलं माझ्या पोराला. तू न्हाई."

"मग?"

गंगव्वाने विस्कटलेली रांगोळी हाताने गोळा केली. ती म्हणाली, "पाट मीच काढून दिलता."

तेव्हापासून मला कोपऱ्यात ठेवत नाहीत. गंगव्वा टेबल सोडून माझ्यावर जेवायला बसते, शिवांशला बोलावते. तो लांबून वळसा घालून जातो. शांभवी त्याला रागावते, थांबवते, त्याच्या हातातले काढून घेते, पण आता ती त्याच्याजवळच बसून राहते. गेल्या आठवड्यात शिवांशने त्याचा कापडी हत्ती आणून माझ्यावर ठेवला, सोंड भिंतीकडे. "तीन मिनिटं," असे म्हणून तो खेळायला गेला आणि विसरला. हत्ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्यावर होता. त्याला वजन म्हणावे असे काही नव्हते.

शांभवी कामावरून आली. तिने हत्ती पाहिला, पण उचलला नाही. तिने शिवांशला हाक मारली.

"ह्याचं झालं असेल ना रे? सांग त्याला."

शिवांश बराच वेळ दारात उभा राहिला. मग आला, माझ्यापासून हातभर लांब उकिडवा बसला आणि हत्तीच्या पाठीवर त्याने हात ठेवला.

"झालं तुझं," तो म्हणाला. "ऊठ."

तो स्वतः अजून माझ्यावर बसलेला नाही. बसेल की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात लहान भावंड असेल तर ही गोष्ट मोठ्यांना वाचून दाखवा. लहान मूल चुकले तर त्याला जरूर थांबवा. पण ज्या जागी त्याला मान द्यायचा, त्या जागी त्याला शिक्षा देऊ नका. ते गप्प बसले म्हणजे शहाणे झाले असे धरू नका. आणि मिनिटे मोजणारच असाल तर ती संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन तसे सांगा. ते अजून वाट बघत असते.