जमिनीवरचा माणूस

एक लोखंडी कडी आणि कडीत अडकवलेली बोटभर पिन. एवढीशी वस्तू, पण तळहातावर ती गार लागत होती... आग विझवायच्या सिलिंडरची ती पिन. "बाई, एवढी धरा जरा," असं म्हणून त्या तरुण जवानाने ती तिच्या हातात दिली होती आणि तो मुलांकडे वळला होता. शाळेच्या मैदानात अग्निशमन दलाची लाल गाडी, पुढ्यात चारशे मुलं रांगा मोडत बसलेली, आणि कडेला शिक्षकांबरोबर ती, एकवीस वर्षं याच शाळेची ग्रंथपाल. आज प्रात्यक्षिक आहे हे तिला आठवडाभर ठाऊक होतं. रजा टाकावी असं सोमवारी वाटलं होतं, मंगळवारीही वाटलं... वाटता वाटता आजचा दिवस उजाडला.

बाबा अशाच गाडीवर तेहतीस वर्षं होते. उंचीमुळे ठाण्यात त्यांचं नाव पडलं होतं 'शिडी'. "शिडी ड्यूटीवर आहे, गाडीवरची नाही नेली तरी चालेल" — हा विनोद ते स्वतःच घरी येऊन सांगायचे आणि आई दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. आगीवरून आले की कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आधी सरळ न्हाणीघरात. तीनदा साबण लावूनही कानामागे धुराचा वास राहायचाच, आणि खांद्यावर बसलेल्या तिला तोच बाबांचा वास वाटायचा. इतका, की पुढे कुठे काही जळालं की माणसं दचकायची आणि तिला मात्र क्षणभर, अगदी क्षणभरच, कुणीतरी घरी आल्यासारखं वाटायचं.

"आता बेशुद्ध माणसाला बाहेर कसं काढतात ते बघू," जवान म्हणाला. "कोण होतंय बेशुद्ध?"

शंभर हात वर झाले. मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "लायब्ररीच्या बाई," आणि सगळ्या मैदानाने तेच लावून धरलं. मुख्याध्यापिका हसत होत्या. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत पिन आणि चष्मा कुणाच्या तरी हातात गेला होता आणि ती सतरंजीवर आडवी झाली होती.

वर आकाश, पाठीखाली जमीन. जमिनीवरून माणसं किती उंच दिसतात... त्या दिवशी बाबांना मी अशीच दिसले असेन.

दुपार होती ती. आई मावशीकडे गेलेली, भाऊ कामावर. निवृत्तीनंतर चौथ्याच वर्षी बाबांची छाती भरायला लागली होती. अंगात उभं राहण्यापुरतंच बळ उरलं होतं, आणि त्या दुपारी तेही उरलं नाही. न्हाणीघराच्या दारात ते खाली बसले आणि बसता बसता आडवे झाले. लागलं काहीच नव्हतं. पायजमा ओला झाला होता, तेवढंच.

"शेजारच्या काकांना हाक मारते," ती म्हणाली.

"नको."

"बाबा, मला एकटीला—"

"नको म्हटलं ना, ठमे. आपण दोघं आहोत की. मी सांगतो तसं कर."

आणि मग पडल्या पडल्या, धापा टाकत, ते तिला शिकवू लागले... पाय रोव. गुडघ्यात वाक, कमरेत नको. काखेखालून हात घाल. एक, दोन... पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा नाही. "शाबास, जमतंय," ते म्हणत होते, आणि काहीच जमत नव्हतं. तिसऱ्या खेपेला ते अर्धे उठले, सगळं वजन तिच्या छातीवर आलं, त्यांच्या कानामागे आता औषधाचा वास होता — आणि तिचा पाय ओल्या फरशीवरून सटकला.

तो आवाज... त्या आवाजाबद्दल ती आजवर कुणाशी बोललेली नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात, तेव्हा ती बोलणारच होती, पण बाबांनी तिला बोलूच दिलं नाही: "पाय घसरला माझा. ही होती म्हणून बरं." आईला तेच, भावाला तेच. सात आठवडे अंथरुणावरून ते येईल त्याला तेच सांगत राहिले, आणि ती पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहून ऐकत राहिली. आठव्या आठवड्यात सांगायला ते राहिले नाहीत. नऊ वर्षं झाली. भाऊ अजूनही म्हणतो, तू होतीस म्हणून... आणि मी मान हलवते. मी पाडलं त्यांना. तीन शब्द, पण जिभेवर येऊन परत जातात.

"बाई, अंग सैल सोडा. बेशुद्ध आहात तुम्ही."

दोघांनी मिळून तिला उचललं, मग एकाने खांद्यावर घेतलं. मैदान उलटं झालं, मुलं टाळ्या पिटत होती. तो खांदा जराही हलत नव्हता. तिने अंग सैल सोडायचा प्रयत्न केला, सुटेना.

गाडीच्या सावलीत तिला खुर्चीवर बसवलं. गाडीचा ड्रायव्हर पाणी घेऊन आला. मिशा पांढऱ्या झालेल्या, निवृत्तीला आलेला माणूस. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही शिडीसाहेबांच्या कन्या ना? कपाळ तेच आहे." मग तो आपणहून बोलत राहिला. "हे दोघांनी मिळून उचलणं त्यांनीच आमच्या अंगी भिनवलं. मी नवा होतो तेव्हा जोशात एकट्यानेच एका म्हाताऱ्याला उचलायला गेलो. असा झापला मला! म्हणाले, जमिनीवरचा माणूस एकट्याने उचलायचा नाही, पाडशील त्याला. आग जवळ नसेल तर मदत येईपर्यंत शेजारी बस आणि बोलत राहा."

"असं म्हणायचे?"

"रोज. निरोपाच्या भाषणातसुद्धा तेच. सगळे हसले होते."

तिनेही हसल्यासारखं केलं. ड्रायव्हर पाइप गुंडाळायला गेला.

म्हणजे त्यांना माहीत होतं... तिचे हात काखेखाली जाण्याआधीच माहीत होतं. तरी म्हणाले, नको. तरी मोजलं, एक, दोन. लोकांना त्यांच्या घरातून, असतील तशा अवस्थेत बाहेर आणताना अंगावर घोंगडी टाकून "कुणी बघत नाही" म्हणणारा माणूस, आणि ओल्या पायजम्यात शेजारच्या काकांनी बघू नये म्हणून... की आणखी काही होतं? पोरगी रडकुंडीला आलीय, तिला काहीतरी करू दे, असं? दवाखान्यात ते खोटं बोलले ते मला वाचवायला, असं ती नऊ वर्षं धरून चालली होती. की स्वतःलाही? विचारायचं कुणाला...

मुलं ओळीने वर्गांकडे निघाली होती. मुख्याध्यापिकांनी लांबून हात केला, तिनेही केला, पण ती उठली नाही. हलकं वाटायला हवं होतं. कुणालाही वाटलं असतं. पण तो दोष तिचा एकटीचा होता तोवर बाबा अख्खे होते, उंच, न घाबरलेले. आणि आता त्यातला थोडासाच त्यांच्याकडे सरकला तर ते पुन्हा त्या दारात आडवे दिसायला लागले होते, भ्यालेले, लाजलेले, खालून वर तिच्याकडे बघणारे. माझा दोष मला परत द्या, असं तिला मनापासून वाटलं... सगळा. आणि तो आता सगळा परत येत नव्हता.