शपथ संपली त्या दिवशी

आमच्या गावातले निम्मे पुरुष ग्वादालुपेच्या माउलीपुढे दारू सोडतात आणि सोडतानाच ती पुन्हा धरायची तारीख ठरवून ठेवतात. फिदेन्सियोनेही तेच केलं होतं. ईस्टरनंतर पाद्रीबाबांनी विचारलं, "कधीपर्यंत?" तेव्हा माउलीच्या तसबिरीकडे न बघता हा म्हणाला, "नोव्हेंबरअखेर, सान आंद्रेसच्या जत्रेपर्यंत." म्हणजे उपास धरतानाच पारण्याची पंगत मांडलेली. पाद्रीबाबा काही दूधखुळे नव्हते. तेवढे महिने तरी पदरात पडतील म्हणून त्यांनी आशीर्वाद दिला.

शपथेचा एक फायदा असतो. "मी शपथेवर आहे" म्हटलं की पुढे आलेला पेला मुकाट्याने मागे जातो आणि कुणाचा अपमान होत नाही. फक्त पेल्याबरोबर माणूसही मागे जातो. वीटभट्टी सुटली की सगळे मेस्कालच्या गुत्त्याकडे वळायचे आणि फिदेन्सियो एकटा घरी जायचा. बायको वारलेली, लेक रेयना लग्न करून दूर तिहुआनाला गेलेली. तो घेवडा गरम करायचा, उभ्याउभ्याच खायचा आणि घरात कुणीतरी बोलावं म्हणून रेडिओ लावायचा. पण हातांची थरथर थांबली होती. परवा रेयना फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज आता माणसासारखा येतो. असाच राहिला तर नाताळला पोरांना घेऊन येईन." नातवंडं त्याने अजून पाहिलीच नव्हती.

जत्रेच्या दिवशी दुपारची प्रार्थना संपली आणि शपथही संपली. देवळाच्या पायरीवर एरास्तो उभाच होता. हा रेयनाचा बाप्तिस्म्याचा धर्मबाप, म्हणून फिदेन्सियोचा कोंपाद्रे, भट्टीवरचा तीस वर्षांचा जोडीदार.

"सुटलास बाबा एकदाचा," एरास्तोने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "बाटली राखून ठेवलीय तुझ्यासाठी. एकट्याने पिऊन पिऊन तोंडाची चव गेली रे."

आता नाही म्हणायला शपथ नव्हती. शपथेवाचून कोंपाद्रेचा पेला नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

"टोपी आत राहिली, आलोच," म्हणून फिदेन्सियो देवळात शिरला आणि मागच्या दाराने सटकला.

दारू सोडणाऱ्यांचा गट कुठेतरी टायरवाल्याच्या बाजूला भरतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. दारावर निळी पाटी असते म्हणे, ती मात्र दिसेना. त्याने तोर्तिया भाजणाऱ्या बाईला हळूच विचारलं.

"बेवड्यांचं ना?" बाईने अख्ख्या गल्लीला ऐकवलं. "मागच्या बोळात. पण आज कोण मरायला येतंय तिथे?"

खरंच कुणी आलं नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चार रांगा, समोर लाकडी पोडियम, आणि कॉफीच्या पातेल्याशी एक म्हातारी. दोन्या ओब्दुलिया, म्हणजे ओब्दुलियाबाई. ही बाजारात सुक्या मिरच्या विकते. ती पीत असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

"आज बैठक नाही वाटतं," तो दारातूनच म्हणाला.

"दोघं असलो की बैठक," ती म्हणाली. "कॉफी घ्या आणि उभे राहा तिथे."

"बोलू कुणाशी? खुर्च्यांशी?"

"मघापासून मी काय करत होते मग? आता तुम्ही आलात."

तो पोडियमला धरून उभा राहिला. मग शपथ संपल्याचं बोलला, नातवंडांचं बोलला.

"पुन्हा शपथ का नाही घेत?" ओब्दुलियाने विचारलं.

"पुन्हा तारीख मीच ठरवीन ना. मी मला चांगला ओळखतो." त्याने दाराकडे पाहिलं. "प्यायची भीती वाटते, दोन्या. पण नाही प्यालो तर माझं कोण उरतं? मला दुसरं माणूसच नाही."

"बोललात ते बरं केलंत," एवढंच पुटपुटून ती उठली. आता तिची पाळी होती, म्हणून तो खुर्चीत बसला.

तेवढ्यात दारात एरास्तो येऊन उभा राहिला. तोर्तियावालीने आपलं काम चोख केलं होतं. त्याच्या हातात बाटली होती, पण अजून तो प्यालेला नव्हता.

"इथे लपलास होय? टोपी तर डोक्यावरच आहे तुझ्या."

"कोंपाद्रे, आत ये. बस जरा."

"मी काय आजारी आहे?" एरास्तोने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. "चल. जत्रेच्या दिवशी मला एकट्याला प्यायला लावणार तू?"

फिदेन्सियो उठला. दारापर्यंत गेला. मागे ओब्दुलिया पोडियम धरून उभी होती. ती थांब म्हणाली नाही, नुसती वाट बघत होती. आपण गेलो तर ही पुन्हा खुर्च्यांशी बोलणार, हे त्याला कळलं.

"मला नाही यायचं, एरास्तो," तो म्हणाला. "शपथ नाही. तरीही नाही."

एरास्तोचा चेहरा पडला. फिदेन्सियोने दार लोटलं आणि पहिल्या रांगेत येऊन बसला.

"बोला दोन्या."

"मी ओब्दुलिया," म्हातारीने सुरुवात केली, "आणि मला दारूचं व्यसन आहे."

बाहेरून हाका येत होत्या. आधी शिव्या घालून, मग नुसतं नाव, मग "कोंपाद्रे, ए कोंपाद्रे", अगदी लहान आवाजात. फिदेन्सियो खुर्चीची कड घट्ट धरून बसला होता. हाका येत होत्या तोवर त्याने सहन केलं. त्या थांबल्या तेव्हा मात्र त्याला रडू आवरेना. ओब्दुलियाने ते पाहिलं, पण ती बोलायची थांबली नाही.