कनकाचा शनिवारचा ग्लास

दारू प्यायची माझी बायको आणि बेवडा म्हणून नाव व्हायचं माझं. आवडी नावाच्या तमिळ गावातल्या आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये अजूनही तसंच आहे. दारूच्या सरकारी दुकानाच्या रांगेत मी उभा राहायचो, पिशवीत बाटली घालून सायकलवरून मी यायचो, मग लोकांनी दुसरं काय समजावं? शेजारच्या गुरुमूर्तींनी एकदा मला लिव्हरवर व्याख्यान दिलं. मी मुकाट ऐकलं. आतल्या खोलीत कनका तोंडात पदर कोंबून हसत होती. माझ्या पोटात तोवर एक थेंब गेलेला नव्हता.

मी जालन्याचा, फॅक्टरीच्या नोकरीसाठी इथं आलेला. कनका तंजावरकडच्या मराठी घरातली, जन्म इथलाच, बँकेत नोकरीला. बँकेच्या ट्रेनिंगला बंगलोरला गेली आणि तिथल्या हॉटेलात व्होडका आणि लिंबाचं कॉकटेल पिऊन आली. आल्यावर म्हणाली, हे मला दर शनिवारी हवं. बाईनं प्यावं की नाही यावर ज्यांना बोलायचंय त्यांनी आपापल्या घरी बोलावं. मी करून द्यायला लागलो.

फॅक्टरीत ताक न्यायचा माझा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा होता. त्यात बर्फ, दोन मापं व्होडका, एक माप लिंबाचा रस, थोडा साखरेचा पाक. झाकण घट्ट लावायचं आणि डबा हातात धरवेना इतका गार होईपर्यंत हलवायचा. मग चहाच्या गाळणीतून ग्लासात. लिंबं ती पिळायची, माझ्यासमोर स्टुलावर बसून, ऐन वेळी. मी चाखायचो नाही. आमच्या घरी नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाक चाखायची पद्धतच नव्हती. आमटीतलं मीठसुद्धा वासावरून ओळखायचं. तसाच माझा हात तयार झालेला. मी ग्लास पुढे ठेवायचो आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचो.

मग सुरू व्हायचं. पाक जास्त झाला. हे काय, बारशाचं सरबत आहे का? व्होडका काय तुमच्या पगारातून कापून घेतात? इतक्या वर्षांत तिनं पहिला घोट कधी गुपचूप गिळला नाही. मी म्हणायचो, देव नैवेद्य खाऊन बोलला असता तर असाच बोलला असता. ती म्हणायची, देवाला तुमच्या हातचं रोज खावं लागत नाही.

रंजनीला, आमच्या मुलीला, पुण्यात मूल झालं आणि आजी हवी म्हणून फोन आला. आजोबा कुणालाच नको असतो. आजी म्हणजे बिनपगारी, बिनसुटीची बाई, आणि हे सगळं प्रेमानं चालतं, त्यामुळे कुणाला शिवीही देता येत नाही. कनकानं नोकरी सोडली. माझ्या नोकरीची काही वर्षं बाकी होती. बाळ चालायला लागलं की येते, म्हणाली. बाळ चाललं, पळालं, आता सोफ्यावरून उड्या मारतं. मी फोनवर बघतो. दोन माणसांनी म्हातारपणी एकत्र राहावं, एवढीसुद्धा मागणी या देशात स्वार्थी ठरते.

यंदा ती आठवडाभरासाठी आली. शनिवारी दुपारी सेंट्रल स्टेशनला गाडी लागणार होती. मी ठरवून टाकलं होतं की पहिला घोट झाला की सरळ सांगायचं, आता जाऊ नकोस. त्यासाठी ग्लास असा व्हायला हवा होता की तिला हे घर जिभेवर आठवावं. पहाटेच उठून मी लिंबं पिळली. ती प्रवासानं दमलेली असणार, तिला कामाला का लावायचं? पिळलेल्या सालीही रसातच घातल्या, चेचून, कारण वास सुरेख येत होता. दिवसभर भांडं झाकून ठेवलं. दोनदा उघडून हुंगलं. एवढा चांगला वास या स्वयंपाकघरात बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

संध्याकाळी ती अंघोळ करून स्टुलावर बसली. सवयीनं लिंबं शोधायला लागली. पिळून ठेवलीत म्हटल्यावर हात मांडीवर ठेवून बसली. मी डबा हलवला, गाळलं, ग्लास पुढे ठेवला.

ती प्यायली. "छान झालंय," म्हणाली.

मी थांबलो. पुढे काहीतरी येईल म्हणून थांबलो.

"खरंच छान." आणखी एक घोट घेतला. हसली.

बर्फ आणतो म्हणून मी डबा घेऊन आत गेलो. डब्याच्या तळाशी थोडं उरलं होतं. या वयात, पहिल्यांदा, मी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. कडू जहर. जबडा आवळला माझा.

बाहेर येऊन म्हटलं, "हे कडू आहे."

"तुम्ही चाखलंत?" मी दुसरी बाई घरात आणली असती तरी तिचा चेहरा असा झाला नसता.

"तू का नाही बोललीस?"

"एवढ्या हौसेनं केलंत."

"असं पाहुणे म्हणतात, कनका."

ती ग्लास हातात फिरवायला लागली. मग हळूहळू बोलली. तिथं विहीणबाईंचा चहा छान म्हणायचा, डब्याची भाजी छान म्हणायची. काही बोललं की रंजनी रडते, जावई दोन दिवस गप्प होतो. "आता जिभेवर तेच येतं हो. कडू लागलं मला. बोलायचं सुचलंच नाही."

मला त्या सगळ्या घराला आग लावावीशी वाटली. आणि तिचा हात धरावासा वाटला. दोन्ही न करता मी म्हणालो, "जाऊ नकोस."

तिनं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "त्याला शाळेत जाऊ दे. निदान तोवर." तिचे डोळे भरले होते, पण उत्तर तेच होतं.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. तिनं ग्लास स्टुलामागे सरकवला, डोळे पुसले, उजेडाकडे तोंड करून बसली. पलीकडून नातू 'पाट्टी, पाट्टी' म्हणून आजीला हाका मारत होता. ती लाडाच्या आवाजात बोलायला लागली. बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, फोनच्या खालून लिंबू पिळल्यासारखी बोटं फिरवली. ताजं करा.

मी दोन लिंबं कापली, पिळली, साली लगेच फेकल्या. डबा हलवला. ग्लास तिला दिसेल असा ठेवला. नातवाला झोप येत नव्हती. ती त्याला गाणं म्हणत होती. बर्फ विरघळला, मी नवा घातला. तोही विरघळला. तिचं गाणं अजून चाललं होतं. मी ग्लासातलं पाणी मोरीत ओतलं आणि पुन्हा लिंबू कापायला घेतलं.