कूलरसकट खोली पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. माझा पत्रा जाड आहे, पंखा मूळचा आहे आणि आवाज असा आहे की मी सुरू झालो की घरात टीव्ही कुणाला ऐकू येत नाही. आज मी रडगाणं गायला बसलेलो नाही. आमच्या वर्षालीनं अकोल्यात आपली वस्ती कशी निवडली, ते मला सांगायचं आहे. त्यात माझा वाटा मोठा आहे. विनय माझ्या अंगी मुळीच नाही, तेव्हा तुम्हीच तो थोडा बाळगा.

माझा जन्म अमरावतीचा. पुंजाराम मिस्त्रींनी पत्रा कापून, ठोकून, रिबिटं मारून मला उभं केलं आणि हिरवा रंग दिला. तीन बाजूंना जाळ्या बसवल्या आणि त्यांत गवत भरलं. गवत म्हणजे लाकडाचा तो भुरभुरीत कीस. पंपानं पाणी वर चढतं, गवत भिजतं, पंखा बाहेरची गरम हवा त्यातून ओढतो आणि आत गार करून सोडतो. एवढंच माझं शास्त्र. मात्र एक अट आहे. मी आत सोडलेल्या हवेला बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. खिडकी बंद केली की खोलीत नुसता दमट कोंडमारा होतो आणि लोक उगाच मला शिव्या घालतात.

राजापेठेत भाजीचं दुकान असलेल्या गोपालरावांनी मला विकत घेतलं, तेव्हा त्यांची वर्षाली सहा वर्षांची होती. घरातली माणसं आशेनं माझ्यासमोर येऊन बसली, पण पहिला मान मिळाला तो सांबाराला. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. ओल्या पोत्यावर सांबाराच्या आणि मेथीच्या जुड्या माझ्या अगदी तोंडाशी मांडल्या जायच्या आणि माणसं त्यांच्या मागे झोपायची. माझ्यात पाणी भरायचं काम वर्षालीकडे होतं. सकाळी चार बादल्या, दुपारी चार. माझ्या पुढ्यात बसूनच ती दहावी झाली, बारावी झाली, शेतीची पदवीधर झाली. गवत कधी बदलायचं, पंप कधी कुरकुरतो, खिडकी किती उघडायची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

पावसाळा लागला की मात्र माझी किंमत शून्य. डोक्यावर कांद्याची पोती, पोटात मांजरीची पिल्लं. एका वर्षी घरात प्लास्टिकचा नवा कूलर आला आणि मला मागच्या छपरीत ढकलून दिलं. तीन उन्हाळे मी तिथं कोरडा उभा होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग वर्षालीला अकोल्यात बियाणं तपासायच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. घरातली पहिली पगाराची नोकरी! सहा महिने नीट काढले की कायमची ऑर्डर मिळणार होती. ड्युटी सकाळी सातची, म्हणजे अमरावतीहून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं. अकोल्यात एकटीनं राहायचं ठरलं आणि घरच्यांच्या हातून एक चूक झाली. वऱ्हाडातल्या माणसानं करू नये अशी, आणि वऱ्हाडातलाच माणूस करतो अशी. त्यांनी खोली जानेवारीत पाहिली.

शहराबाहेरचं नवं ले-आऊट, गुळगुळीत फरशी, शांत रस्ता. मालक वामनराव, सभ्य माणूस. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं उबदार ऊन खोलीभर पसरलं होतं. वर्षालीची आई मायाबाई खूश होऊन म्हणाल्या, "ऊन किती साजरं येते वं!" घरावर पाटी होती 'शीतल छाया'. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मार्चच्या शेवटी ते साजरं ऊन भिंत भाजून काढू लागलं, तेव्हा वर्षालीला माझी आठवण झाली. नवा कूलर घरच्यांना लागणार म्हणून तिनं मला छपरीतून काढलं, पुसलं आणि अकोल्याला आणलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण वामनरावांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "कूलर नाही चालणार, ताई. आपल्याकडे नळ सहाव्या दिवशी येतो. पाण्याचं आपलं बोलणं झालं नव्हतं." बोलणं झालं नव्हतं, हे खरंच होतं. जानेवारीत पाण्याचं कोण विचारतं? मी कोपऱ्यात कोरडा उभा राहिलो आणि ती पंख्याच्या गरम वाऱ्यात तळमळत राहिली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. ऊन लागलं होतं. ती दोन दिवस तापानं फणफणली आणि मी हाताच्या अंतरावर असून तिच्या उपयोगी पडलो नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

बातमी राजापेठेत पोचली. मायाबाई फोनवर रडल्या, "चुलीत जाऊ दे ते नोकरी. घरी ये तू." रविवारी गोपालराव भाजीची चारचाकी घेऊन हजर. या गाडीला सगळे छोटा हत्ती म्हणतात. गादी, पेटी, भांडी, पुस्तकं चढली आणि सगळ्यांत शेवटी मी. आज अमरावतीला गेली की नोकरी गेली, हे वर्षालीला ठाऊक होतं, बापालाही ठाऊक होतं.

गाडी सुरू झाली आणि वर्षाली म्हणाली, "बाबा, तीन खोल्यांचे नंबर हायेत माझ्यापाशी. जाता जाता तीन दारं पाहू द्या. नाही जमलं तर सरळ अमरावती. मी एक शब्द बोलनार नाही."

"सामान भरलेल्या गाडीत खोली पाहाले जाते काय कोनी? अन् एक वाजला. हे काय येळ हाय?"

"हेच येळ हाय, बाबा. थंडीत पाहून चुकलो ना आपन?"

गोपालरावांनी गाडी बाजूला घेतली. त्यांनी निदान मला ताडपत्रीखाली झाकायला घेतलं. "कूलर दिसला तर मालक दारातूनच हाकलते."

वर्षालीनं ताडपत्री ओढून काढली. "उघडाच राहू द्या त्याले. फोनवर तिघंही बरोबर बोलले. कूलर पाहून काय बोलते, ते मले आयकाचं हाय."

मित्रांनो, ही अक्कल कुठल्या पुस्तकात नाही. त्या क्षणी मी सामान उरलो नाही. मी परीक्षक झालो.

पहिलं दार शेषराव नावाच्या गृहस्थांचं, दुमजली घर. फोनवर ते म्हणाले होते, पाणी भरपूर. मला पाहताच पाणी आटलं. "कूलर कशाला लागते? माणसानं सवय करावी. पंख्याखाली झोपावं." हा उपदेश नीट ऐकू येत नव्हता, कारण त्यांच्या स्वतःच्या दोन खिडक्यांत माझे दोन भाऊबंद घरघरत होते. वर्षालीनं नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसली.

दुसरं दार एका बाईंचं, नव्या कॉलनीत. बाई भल्या होत्या. पाणी होतं, कूलरला हरकत नव्हती. पण त्या काळजीनं म्हणाल्या, "एकटी आहेस, म्हणून सांगते. खिडकी मात्र रात्रंदिवस बंद ठेवायची. इथे कुणाचं कुणाला माहीत नसतं." वर्षालीनं रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना फाटकं, फाटकांना कुलपं, एक माणूस दिसेना. गोपालराव कुजबुजले, "चांगली हाय वं. घेऊन टाक." त्यांना उन्हात तिसरं दार नको झालं होतं.

वर्षाली म्हणाली, "खिडकी बंद ठेवून कूलर काय कामाचा? अन् जिथं खिडकी उघडता येत नाही, तिथं मी एकटी राहू कशी?"

मी इतकी वर्षं उघडी खिडकी मागत आलो ती हवेसाठी. एकट्या माणसानं वस्ती निवडताना तीच मागावी, हे मला तिच्याकडून कळलं. तिचा मला फार अभिमान वाटला.

तिसरा नंबर मोर्णा नदीच्या पलीकडचा, जुन्या शहरातला. गोपालराव तिकडे गाडी वळवायला तयार नव्हते. "त्या बोळीत हवा नाही, जागा नाही. कुठीबी जा, पयसाले पानं तीनच. चाल आता घरी."

"तीन दारं म्हटलं होतं बाबा. दोनच झाली."

शब्द दिला होता, गाडी वळली. बोळीच्या तोंडाशी फुलांची हातगाडी लावलेली, त्यामुळे आम्ही बाहेरच अडकलो. पण एक गोष्ट मी लगेच ओळखली. बोळ अरुंद आणि घरं उंच, म्हणून भर दुपारी दोन-अडीच वाजता तिथे सावली होती! ओट्यांवर सात-आठ बाया मोगऱ्याचे गजरे करत बसल्या होत्या. त्यातली एक उठून गाडीपाशी आली. या घरमालकीण पार्बताबाई. त्यांनी वर्षालीकडे पाहिलंच नाही, आधी माझ्या जाळीत बोट खुपसलं.

"गवत कवा बदललं याचं? हाडावानी वायलं हाय हे! असा कोरडा फिरवते का कूलर?"

इतक्या वर्षांत माझ्या गवताची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. मी तिथेच त्या वस्तीला पास केलं.

वर्षालीनं विचारलं, "मावशी, पानी?"

"नळ पाचव्या दिवशी येते. खोटं कायले बोलू? पन मांगं आड हाय. पानी खारं हाय, पिऊ नोको. कूलरले चालते. दर रविवारी गवतावरचा खार धुवा लागते, आळस नाही चालनार."

"अन् खिडकी? झोपताना उघडी ठेवता येते?"

ओट्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. पार्बताबाई म्हणाल्या, "माय, इथं खिडकी बंद दिसली तं लोक दार ठोकून इचारते, बरं नाही काय म्हनून."

वर्षालीनं बापाकडे पाहिलं. गोपालराव घाम पुसत म्हणाले, "आधी चालवून पाह्य. कूलर चालला तं राह्य. नाही तं गाडीत बस."

बाप, लेक आणि चार बाया यांनी मला उचलून बोळीतून नेलं. एवढ्या थाटात तर मी दुकानातूनही घरी आलो नव्हतो. खिडकीपाशी स्टुलावर मला बसवलं, आडाचं पाणी ओतलं, समोरची खिडकी सताड उघडली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पंप नुसता गुरगुरला. पाणी वर चढेना. तीन उन्हाळ्यांच्या कोरडेपणानं माझा घसा धरला होता. मी जीव तोडून ओढत होतो, पण एक थेंब गवतावर पडेना. गोपालराव उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "राहू दे, पोरी. तोही थकला. चाल."

वर्षालीनं आधी माझी पिन काढली. मग बाही वर सारली, जाळी उतरवली, पंप बाहेर घेतला आणि उघडून बसली. आत गवताचा जुना लगदा दगडासारखा घट्ट बसला होता. तिनं तो केसांतल्या आकड्यानं टोकरून टोकरून काढला, नळी फुंकली, पंप धुतला, परत बसवला. दारात बायांची गर्दी जमली होती. गजरे तसेच हातात राहिले होते. तिनं हात कोरडे पुसले, पिन लावली आणि बटण दाबलं.

पाणी चढलं, मित्रांनो! तिन्ही जाळ्यांवरून धारा लागल्या. गवत भिजलं, ओल्या लाकडाचा वास सुटला आणि मी असा वारा सोडला की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. बाया ओरडल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. पार्बताबाईंनी लगोलग मोगऱ्याची टोपली माझ्यापुढे सरकवली, "याची हवा फुलालेबी लागू द्या जरा." गोपालराव "दोन मिनिटं बसतो" म्हणून खाटेवर टेकले आणि तोंड उघडं टाकून झोपले. बोळीतल्या बाया, घरघरणारा मी, उघडी खिडकी, या सगळ्यांत दोन तास ढाराढूर.

पाचला उठले, तेव्हा सामान खोलीत लागलं होतं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग बोळीच्या तोंडाशी जाऊन मायाबाईंना फोन लावला आणि अख्ख्या मोर्णाकाठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगी नाही येऊन राहिली! मी रिकामी गाडी घेऊन येऊन राहिलो!" असा आनंदानं रिकामा परतणारा भाजीवाला मी दुसरा पाहिला नाही.

जुलैत वर्षालीला कायमची ऑर्डर मिळाली. तिनं ती पहिल्यांदा ओट्यावर वाचून दाखवली. खोलीचं दार उघडंच होतं, मीही ऐकली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांचं मागणं फार नसतं. उन्हाळा संपला की आमच्या पोटातलं पाणी काढून टाका, गवत वाळवा, पंप धुऊन फडक्यात बांधून ठेवा. ओल्या हातानं आम्हाला शिवू नका. आणि उद्या तुम्ही एकटे नव्या शहरात निघालात, तर खोली भर दुपारी पाहा, गल्लीत कोण बसतं ते पाहा, खिडकी उघडून पाहा. तुमच्या घरच्यांनाही माझा एक निरोप सांगा. मूल एकटं उभं राहायला धडपडत असेल, तर त्याच्याकडे गाडी जरूर न्या, पण सामान उतरवायला न्या.