पुसला गेलेला एक दिवस

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. चिकटवायची नव्हे हो, आवाज साठवायची. ताटाएवढ्या चकतीवर गुंडाळलेली. राष्ट्रीय रेडिओच्या केंद्रात माझा जन्म गेला. पहिल्या घोषणेपासून शेवटच्या घोषणेपर्यंत दिवसभरात जे जे प्रसारित व्हायचं, ते सगळं मी ऐकून ठेवायची. कुणी तक्रार केलीच, तर साक्षीला मी. महिना झाला की मला पुसत आणि नवा दिवस देत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आमचा धंदाच तो. पुसलेला आवाज माझ्यावरून जातो, मनातून जात नाही. पण मनातलं वाजवून दाखवायची सोय माझ्यात नाही.

आमच्याकडे एक निवेदक होते. सगळे त्यांना दादा म्हणत. एके दिवशी दुसऱ्या पाळीची निवेदिका तापाने पडली, म्हणून दिवसभर दादाच बसले. सकाळी बासरी झाली, बातम्या झाल्या, शेतीचा सल्ला झाला. दुपारी खोकल्यावर भाषण द्यायला आलेले डॉक्टर स्वतःच असे खोकायला लागले, की दादांनी हळूच सतारीची तबकडी लावली. मग मुलांची कोडी, मग श्रोत्यांच्या आवडीची गाणी. संध्याकाळचं नाटक मात्र चार मिनिटं आधीच संपलं, आणि तबकड्यांच्या कपाटाची किल्ली सापडेना. रेडिओवर चार मिनिटं गप्प राहणं म्हणजे केवढा गहजब! दादा माइकपाशी वाकले आणि म्हणाले, "माझी लेक दीड वर्षाची आहे. ती आता पेंगुळली असेल. तिच्यासाठी जे म्हणतो, तेच तुमच्यासाठी म्हणतो."

आणि त्यांनी स्वतः रचलेलं अंगाईगीत म्हटलं. गळा काही गवयाचा नव्हता. पण मी आयुष्यात इतकं गोड काही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा आलेच नाहीत. झोपेतच गेले, असं सगळे हलक्या आवाजात बोलत होते.

पंधरा दिवसांनी वहिनी आल्या, म्हणजे दादांच्या पत्नी. टेपा सांभाळणाऱ्या काकांना म्हणाल्या, "रोज रेडिओवर यायचे हो, म्हणून आवाज जपून ठेवायचं कधी सुचलंच नाही. घरात त्यांचा एक शब्द नाही. पोरगी मोठी झाली की तिला काय ऐकवू?"

काका म्हणाले, "वहिनी, तो दिवस अजून आहे माझ्याकडे. वरून परवानगी आली की मी स्वतः नक्कल काढून देतो." त्यांनी लगेच माझ्या डब्यावर लाल शाईची चिठ्ठी चिकटवली, 'पुसू नये.' मित्रांनो, चकतीवर काही लिहायचं नाही, सगळं डब्यावर लिहायचं, ही आमची पद्धत. चिठ्ठी असलेला डबा राहायचा, नसलेला पुसायला जायचा.

परवानगी यायला आणखी पंधरा दिवस गेले. वहिनी दुसऱ्या दिवशी येणार म्हणून काकांनी मला बाहेर काढलं. माझा डबा कोपऱ्यात फाटलेला, वर चहाचा डाग. काका पुटपुटले, "दादांचा आवाज असल्या खोक्यात? छे." त्यांनी मला कोऱ्या, नव्या डब्यात ठेवलं. चिठ्ठी जुन्याच डब्यावर राहिली. नवी लिहिली, पण डिंक संपला होता. तो आणायला गेले, तर स्टुडिओत यंत्र अडकलं म्हणून साहेबांनी त्यांना तिकडेच ओढलं. संध्याकाळपर्यंत ते तिथेच होते, आणि मग चिठ्ठीचं विसरून तसेच घरी गेले.

इकडे पुसण्याच्या कामावरचा माणूस आला. डब्यावर चिठ्ठी नाही. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याने मला चुंबकावर ठेवून तीन वेळा गोल फिरवलं. बासरी गेली, खोकला गेला, अंगाई गेली. मी ओरडू शकले असते तर केंद्र दणाणून सोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी लेकीला कडेवर घेऊन आल्या. काकांनी मला यंत्रावर चढवलं. नुसती खरखर. पुढे नेलं, मागे आणलं, तीच खरखर. मग त्यांना जुना डबा दिसला, लाल चिठ्ठी त्याच्यावरच होती. "वहिनी, मी चांगला डबा द्यायला गेलो हो. माझ्या हाताने घात केला मी."

पोरगी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. बाबा कामावर गेले की घरी त्यांचा आवाज रेडिओच्या यंत्रातून यायचा, हे तिला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "बाबा?" मग गप्प राहून वाट बघायला लागली. काकांचा हात बंद करायच्या बटणापर्यंत गेला, पण वहिनींनी नको म्हणून मान हलवली. पोरगी ऐकत होती, म्हणून मला कुणी बंद केलं नाही. मी फिरत राहिले.

त्यानंतर काकांनी माझ्यावर दुसरा दिवस कधी भरू दिला नाही. मी अजून कोरीच आहे.

मित्रांनो, रोज कानावर पडतो तो आवाज उद्याही पडेल, असं धरून चालू नका. आपल्या माणसांचा आवाज आजच जपून ठेवा, आणि खूण करायची ती वस्तूवर करा, तिच्या खोक्यावर नको. एखादं लेकरू बापाची वाट बघत समोर बसलंय आणि आपल्याकडे त्याला द्यायला एक शब्द नाही, ही वेळ फार वाईट असते हो. ती मी शेवटच्या वेढ्यापर्यंत सोसली आहे.