शून्य पिक्सेल

आफरीन पहिल्यांदा त्या गोदामात गेली तेव्हा वासानेच तिला मळमळलं होतं. लोकांनी ऑनलाइन मागवून परत पाठवलेला माल तिथे यायचा. दोनदा घालून घामेजलेले कुर्ते, अर्ध्या पिळलेल्या क्रीमच्या ट्यूब, तळव्याला चिखल वाळलेले बूट. सव्वीस टेबलं आणि सव्वीस बायका. पाकीट फोडायचं, आतली वस्तू चाचपून, हुंगून बघायची, कोड स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर ‘ठीक’ किंवा ‘रद्द’ दाबायचं, छापून आलेलं लेबल चिकटवायचं आणि पुढचं पाकीट ओढायचं. पत्र्याच्या त्या शेडला खिडकी एकही नव्हती. दिवसभर ट्यूबलाइट.

टेबलांवरचे कॉम्प्युटर भंगारात जायच्या लायकीचे होते. त्यांच्यावर हलकी लिनक्स सिस्टिम चढवून ते आफरीननेच पळते केले होते. कामतघरला वडिलांच्या लूमच्या गाळ्यात तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. कापड विणायचे लूम विकून झाले होते, गाळा राहिला होता. मेलेलं मशीन उठवणं हा तिचा हातखंडा. सव्वीसच्या सव्वीस मशीन्स एका वेळी चालू झाल्या तेव्हा त्या वासातही तिला बरं वाटलं होतं.

महिन्याभराने मॅनेजरचा फोन आला. मॅनेजर म्हणजे प्रितेश. गोदाम त्याच्या काकांच्या जमिनीवर उभं होतं.

“मॅडम, स्क्रीनच्या खाली ती पट्टी असते ना, टास्कबार, ती आमची शेवटची ओळ खाते. लपवता येते का?”

येत होती. मॉनिटर जुने, चौकोनी, त्यात पट्टी जाड. तक्रार आफरीनला पटली. तिने जाऊन पट्टीच्या सेटिंगमध्ये ‘वापरात नसताना लपव’ असं करून टाकलं. मग पट्टी खाली सरकून जायची आणि तिच्या जागी दोन पिक्सेलची एक बारीक रेघ उरायची. माउस त्या रेघेला टेकला की पट्टी परत वर. एका मशीनवर बसून तिने छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि तो बदल सगळीकडे धाडला. प्रितेशने चहा मागवला. कपाच्या काठाला कुणाच्या तरी ओठांचा तपकिरी डाग होता. तिने तो तसाच बाजूला ठेवला.

आठ दिवसांनी पुन्हा फोन.

“पट्टी वर येते, मॅडम.”

“येणारच. माउस खाली नेला की येते. नाहीतर लागेल तेव्हा उघडणार कशी?”

“उघडायचीच नाही. सकाळी मशीन चालू केलं की स्कॅनिंग आपोआप सुरू होतं. बाकी कशाला काय हात लावायचाय त्यांना?”

“पण आता ओळ दिसते ना?”

“ओळ दिसते. पण बाया सारख्या माउस खाली नेतात. नुसता टाइमपास.”

ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. गेटवर नेहमीप्रमाणे मोबाइल, मनगटातलं घड्याळ, गळ्यातली चेन सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात काढून ठेवावं लागलं. चोरीच्या भीतीने तसा नियम होता आणि तो कामाच्या बायकांनाही होता.

कोपऱ्यातल्या टेबलावर बायजाबाई नावाची एक पन्नाशीची बाई बसायची. आफरीनने तिलाच जरा सरकायला सांगितलं. माउस चिकटपट्टीच्या गोंदाने बुळबुळीत झाला होता, हाताला ओढत होता. सेटिंगच्या फाइलमध्ये एक आकडा होता: लपल्यावर पट्टी किती उरावी. तिथे दोन होता. तिने शून्य केला आणि मशीन तपासलं. माउस खाली नेला, कोपऱ्यात आपटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. काही वर आलं नाही. एका आकड्यात काम फत्ते. तिने समाधानाने स्क्रिप्ट पुढे पाठवली आणि पंचवीस पडद्यांवरच्या त्या बारीक रेघा एकामागून एक विझल्या.

“किती वाजलं गो बाय?” बायजाबाईने विचारलं.

आफरीनची नजर सवयीने पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे आता काही नव्हतं. मनगट रिकामं होतं. तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एक खिळा होता आणि त्याखाली ताटाएवढा गोल, बाकीच्या रंगापेक्षा उजळ डाग.

“इथलं घड्याळ कुठे गेलं, मावशी?”

“सेल संपला म्हून काढलान दिवालीला. मंग आमी हितं खाली बघायचो, या पट्टीवं. ती पन लपाया लागली. मंग भाविकानं शोधून काढला, माउस खाली नेला का वर येते.” बायजाबाईने स्क्रीनकडे बघितलं. “आता ती बी येत न्हाय वाटतं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस थांबला वाटतं, म्हणावं तसं ती बोलली. त्याच सुरात पुढे म्हणाली, “सुटी सहाला हाय आमची. पन ते बोलतान अजून वाजलं न्हाय, येक ट्रॉली घ्या. आत काय कलत न्हाय. भायेर पडावं तं ह्यो कालोख.”

आफरीनने आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांना तो गोंद तसाच लागलेला होता.

ती उठून प्रितेशच्या काचेच्या केबिनमध्ये गेली. केबिनमध्ये भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्या मनगटावरही होतं. दोन्हींत सहा चाळीस झाले होते. प्रितेशच्या गालात गुटखा होता आणि टेबलावर कागदी कप, अर्ध्यापर्यंत लाल.

“झालं, मॅडम?”

“सहा चाळीस झालेत. यांना सुटी सहाला होते ना?”

त्याने कप उचलला, त्यात थुंकला आणि जागेवर ठेवला. “थोडं पुढेमागे होतं. घड्याळ समोर असलं की पाच वाजल्यापासून हात ढिले पडतात. तुम्ही धंदा करता, तुम्हाला सांगायला नको.”

“मला तुम्ही ओळ दिसत नाही असं सांगितलंत.”

“तेही होतंच की.” तो हसला. दातांच्या फटी लाल होत्या. “मॅडम, तुम्ही पट्टी लपवायला आलात, लपवलीत. फर्स्ट क्लास काम. चहा घेणार?”

त्याला कसलीच लाज नव्हती हे तर दिसतच होतं. पण तो तिच्याशी ज्या घरगुती सुरात बोलत होता, दोघांनी मिळून एक काम उरकलं अशा सुरात, त्याची तिला सगळ्यात जास्त शिसारी आली. आणि मिळून उरकलं होतंच. तो आकडा त्याने नव्हता बदलला. त्याला तो सापडलाही नसता.

ती बायजाबाईच्या टेबलाशी परत आली. स्क्रिप्ट उघडी होती. लपवण्याची ओळ तिने पुसली. पट्टी खालून काढून पडद्याच्या वरच्या कडेला नेली आणि घड्याळाची अक्षरं होती त्याच्या तिप्पट केली. लपवणं बंद. मग एंटर.

सगळ्या पडद्यांवर वरच्या बाजूला एक करडी पट्टी उमटली आणि तिच्यात ठळक आकडे: ६:४४.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग चौथ्या टेबलावरच्या भाविकाचा पाकीट फाडणारा हात थांबला. तिने शेजारणीला कोपर मारलं. टेबलांच्या रांगेत पाकिटं फाटण्याचा आवाज हळूहळू कमी होत गेला. बायजाबाईने डोळे बारीक करून वर बघितलं. “पावनेसात झालं?” ती म्हणाली. “अगो, माझा नातू येकटा हाय घरी.”

तिने हातमोजे काढले. तिच्यामागे बाकीच्यांनी काढले. प्रितेश केबिनच्या दारात आला.

“ट्रॉली राहिली आहे. कोणी सांगितलं सुटी झाली?”

“सहा वाजून गेले, साहेब,” भाविका म्हणाली आणि पिशवी घ्यायला वळली. तो आणखी काहीबाही बोलत राहिला. बायका त्याच्यासमोरून एकेक करून गेटकडे गेल्या.

मग तो आफरीनकडे वळला. “उद्यापासून यायचं नाही इथे.”

“नाही येत,” ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने तीनदा साबण लावून हात धुतले. तिची आई रशिदा ताट वाढून बसली होती. “काय गं, तुझ्या अंगाला कसला वास येतोय?” तिने विचारलं. आफरीन म्हणाली, गोदामाचा. ताट तिने तसंच बाजूला सारलं. प्रितेशचे लाल दात आठवत होते, पण त्याहून जास्त आठवत होतं ते स्वतःचं समाधान. पंचवीस रेघा विझताना तिला जे गोड वाटलं होतं ते. ओळ दिसत असताना पट्टी कशाला लपवायची, हे आदल्या दिवशी फोनवर एकदा नीट विचारलं असतं तर? प्रश्न तिच्या तोंडावर आला होता. काम सोपं होतं म्हणून तिने तो गिळला होता.

पंधराएक दिवसांनी धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत बायजाबाई भेटली.

“पट्टी गेली परत,” तिने स्वतःहून सांगितलं. “चौथ्या दिशी कल्याणहून येक मानूस आनला. त्यानं काढली.”

आफरीनने मान खाली घातली. असं होणार हे तिला ठाऊकच होतं. आपण नाही म्हटल्याने काम अडत नाही.

“पन आमी आता सहाला कामावरनं उठतो,” बायजाबाई पुढे म्हणाली. “आमी लेबल काडतो ना मालाला, त्याव किती वाजलं ती येल छापलेली असते. बारीक, मुंगीयेवढी. अठरा म्हंजे सहा. पयलं भाविकाला कललं, आता सगल्यांना म्हाईत हाय. वरच्या कंपनीचा लेबल हाय, मॅनेजरला हात लावता येत न्हाय त्याला. पयल्या दिशी लय बोलला. येक-दोघींना घरी बसवीन बोलला. भाविकाला बसवलान पन.”

“भाविकाला काढलं?”

“आता दुसऱ्या गोदामात हाय ती. बरी हाय.” रिक्षा आली तशी बायजाबाई पिशवी सावरत आत बसली. “तू जेव गो बाय नीट. सुकलीस.”

रिक्षा गेली. आफरीन रांगेतच उभी होती, तेव्हा मोबाइल वाजला. प्रितेशचा मेसेज होता. ‘मॅडम, झालं गेलं सोडा. काकांचं नवीन गोदाम सुरू होतंय, तीस मशीन आहेत. तुमच्यासारखं साफ काम दुसऱ्या कुणाला जमत नाही.’ खाली हात जोडलेले होते आणि एक फूल.

तिने तो दोनदा वाचला. रांग सोडून ती गटाराच्या कडेला गेली, थुंकली, आणि नंबर ब्लॉक करून कामतघरच्या दिशेने पायीच निघाली.